मिठाच्या खड्यातला थेंब आणि तुझी कंट्रोल प्लेट

बाळा,

तुझा मेल काल रात्री वाचला, लगेच उत्तर लिहायला घेतलं पण अर्ध्यात डोळे मिटायला लागले म्हणून आज सकाळी चहा घेऊन परत बसलेय. 25 कोटी वर्षं जुन्या मिठातून जिवंत बॅक्टेरिया निघाला हे वाचून तुला रात्रभर झोप लागली नाही म्हणतेस, खूप बरं वाटलं ते वाचून. पण पीएचडीला हाच विषय घ्यायचाय आणि "सरळ जुनं मीठ आणून प्लेटवर" (म्हणजे जंतू वाढवायच्या बशीवर) "टाकू" असं जे लिहिलंयस ना, त्याच्यासाठी हे मोठं पत्र.

तो बॅक्टेरिया निघाला अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत, आधी ती गोष्ट नीट समजून घे. कार्ल्सबॅडजवळ जमिनीखाली मिठाचा प्रचंड जाड थर आहे, पर्मियन काळातला, म्हणजे तोच 25 कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात साडेपाचशे मीटरपेक्षा खोल अणुकचरा ठेवायला खोदकाम केलंय, कारण मीठ दाबाखाली हळूहळू सरकतं आणि पोकळी आपणहून मिटवून टाकतं. तिथल्या स्फटिकांच्या पोटात अडकलेल्या खाऱ्या पाण्याच्या थेंबातून व्हरीलँड, रोझेन्झ्वाइग आणि पॉवर्स यांनी बॅसिलस प्रकारचा एक बॅक्टेरिया वाढवला आणि 2000 साली नेचर या विज्ञानपत्रिकेत छापला. काम कच्चं नव्हतं हं. स्फटिक बाहेरून तीव्र अल्कलीत आणि तीव्र अ‍ॅसिडमध्ये धुतले, मग निर्जंतुक जागेत बारीक भोक पाडून आतला थेंब काढला, आणि बाहेरचा जंतू घुसायची शक्यता शंभर कोटीत एकापेक्षा कमी आहे असा त्यांचा हिशोब होता.

तरी पुढच्याच वर्षी ग्राउर आणि पुप्को या संशोधकांनी हरकत घेतली. या जंतूचा जीन मृत समुद्रातल्या मॅरिसमॉर्टुई नावाच्या आजच्या जंतूशी इतका जुळतो, की मधे 25 कोटी वर्षं गेली हे पटत नाही. मग 2005 मध्ये थेंबातल्या पाण्याची केमिस्ट्री तपासली गेली, ती पर्मियन समुद्राशी जुळणारी निघाली. माझं मत विचारशील तर पाणी जुनं आहे हे मला पटतं, पण त्या पाण्यातली पेशीही तेवढीच जुनी आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही, आणि तुझ्या पूर्ण थिसिसची मेख इथेच आहे.

आता या मॅरिसमॉर्टुईचीच गोष्ट सांगते, मला ती फार आवडते. व्होल्कानी नावाच्या संशोधकानं 1936 साली मृत समुद्राचं पाणी आणून त्यातले जंतू वाढवायला लावले होते, आणि त्याच जुन्या कल्चरमधून (बाटलीत वाढवलेल्या जंतूंतून) 57 वर्षांनी हा जंतू वेगळा काढला. म्हणजे ज्याच्यावरून एवढं भांडण झालं त्याचा भाऊ बाटलीत 57 वर्षं टिकल्याचं नोंदीसकट माहीत आहे! 57 वर्षं ऐकायला किरकोळ वाटतात, पण त्या आकड्याला तारीख आहे, कुणी भरलं ते माहीत आहे, त्याच्यावर कोणी बोट ठेवू शकत नाही.

टिकतात कसे हे विचारलंयस. तो न्यू मेक्सिकोवाला बॅसिलस स्पोअर करतो, म्हणजे टणक कवचात झोपतो. पण मिठातले खरे मुरलेले रहिवासी म्हणजे हॅलोआर्किया, बॅक्टेरियाहून वेगळ्या गटातले मीठप्रेमी एकपेशी जीव, ते स्पोअर करत नाहीत म्हणून मला त्यांचंच जास्त नवल. ते आत पोटॅशियम भरून बाहेरच्या मिठाशी बरोबरी करतात, इतकी की बहुतेकांना साध्या पाण्यात टाकलंस तर फुटून जातात. एका पेशीत जीनोमच्या, म्हणजे पूर्ण जनुकीय माहितीच्या, एकाहून जास्त प्रती, काहींत तर वीसपंचवीस, त्यामुळे एक प्रत तुटली तर दुसरीवरून दुरुस्ती होऊ शकते. आणि खाणं? अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीत 90 मीटर खोल कोअर (जमिनीत भोक पाडून काढलेला लांब नमुना) काढली होती, साधारण एक लाख वर्षांचा साठा, त्यातल्या थेंबांत लोवेनस्टाइन या संशोधकाच्या गटाला ड्युनालिएला या शेवाळाच्या पेशी दिसल्या आणि शेजारी बारीक आकसलेले गोल आर्किया. ड्युनालिएला ग्लिसरॉल साठवते, ते झिरपलं की शेजाऱ्यांची शिदोरी झाली असा त्यांचा अंदाज. त्यांनी 22 ते 34 हजार वर्षांच्या मिठातून आर्किया वाढवले, पण शेकडो खडे तपासले तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या खड्यांतून काहीतरी उगवलं, हे मनात पक्कं ठेव. तुझ्याही बहुतेक प्लेट कोऱ्याच राहणार आहेत.

माझं सांगते. मी तुझ्याएवढी असताना शेंदेलोणाच्या खड्यातून माझ्या प्लेटवर गुलाबी कॉलनी (जंतूंचे ठिपके) आल्या होत्या, काय आनंद झाला होता, आईला फोन करून सांगितलं. तीन आठवड्यांनी कंट्रोल प्लेटवरही, म्हणजे तुलनेसाठी खड्याशिवाय ठेवलेल्या प्लेटवरही, तश्शाच गुलाबी कॉलनी! खडे धुवायला जे खारं पाणी करायचो त्यातलं मीठ मिठागराचं होतं आणि ते पाणी ऑटोक्लेव्ह करायचं (दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करायचं) राहून गेलं होतं. समुद्राच्या मिठात हे जीव जिवंत असतातच, खारवलेली मासळी कधी कधी लालसर पडते ती यांच्यामुळेच. आठ महिन्यांचं काम गेलं. त्या दिवशी खूप रडले, पण तेव्हापासून मी कंट्रोल प्लेट आधी बघते आणि नमुन्याची नंतर, आणि तूही तसंच करावंस असं मनापासून वाटतं.

म्हणून घाई करू नकोस. पहिले दोन महिने काहीही वाढवू नकोस, फक्त बघ. मिठाचा पातळ तुकडा मायक्रोस्कोपखाली धर, आत पाण्याचे थेंब अडकलेल्या इवल्या इवल्या चौकोनी खोल्या दिसतील, कोनाकोनाच्या रांगांत लागलेल्या, रांगा असतील तर तो पट्टा धुरकट दिसतो. स्फटिक पाण्यात वाढताना जसा बनला तसाच आहे याची ती खूण. स्वच्छ काचेसारखा भाग असेल तर मीठ मधे कधीतरी विरघळून परत जमलेलं असू शकतं, आणि तेव्हा नवीन पाणी, नवीन जंतू आत शिरलेले असू शकतात. एखाद्या मोठ्या खोलीत हवेचा बुडबुडा असतो, खडा हळूच तिरका केला की तो सरकतो, अजूनही ते बघताना माझा श्वास थांबतो. ऑस्ट्रेलियातल्या 83 कोटी वर्षांच्या मिठात 2022 मध्ये अशाच थेंबांत पेशींसारख्या आकृत्या दिसल्याचं छापून आलं, नुसतं बघून, खडा न फोडता. जिवंत आहेत असा दावा त्यांनी केला नाही, मला हे फार आवडलं.

हात बसवायला मात्र ताजं मीठ घे. लोणारचं पाणी 2020 च्या जूनमध्ये गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेनं हॅलोआर्कियाच कारण सांगितलं होतं, म्हणजे आपल्याकडेही हे जीव काही दुर्मिळ नाहीत. मिठागरात एप्रिल-मेमध्ये जा, कुंडीतलं पाणी गुलाबीसर दिसेल, मालकाला विचारून एक बाटली घे. त्याच पाण्यातून स्वतः स्फटिक वाढव, त्यांच्यावर तारीख टाक, आणि दर सहा महिन्यांनी थोडे फोडून किती जिवंत आहेत ते मोज. निम्मे बंद करून कपाटात ठेव, तुझ्यानंतर कुणीतरी उघडेल.

प्लेट दोन महिने तरी फेकू नकोस, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेव नाहीतर सुकतात आणि मिठाचे कण कॉलनीसारखे दिसायला लागतात. आणि बाटल्यांवरच्या कागदी चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिही, मार्कर अल्कोहोलनं पुसला जातो.

तुझी,
मावशी