वाचकांचे प्रश्न : चर्चा एकच, निकाल दोन

अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीतील दूरचित्रवाणीवरच्या वादचर्चांविषयी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या चार पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे.

प्रश्न : ११ सप्टेंबर २०२४ रोजी आमच्याकडे गौरीपूजनासाठी सगळे नातेवाईक जमले होते. कमला हॅरिस आणि डोनाल्ड ट्रम्प यांची वादचर्चा आपल्याकडे त्याच दिवशी सकाळी साडेसहाला लागली. माझा भाचा अमेरिकेत असल्यामुळे सर्वांनाच उत्सुकता होती आणि पुरणाची तयारी बाजूला ठेवून आम्ही ती शेवटपर्यंत पाहिली. संपल्यावर माझे धाकटे दीर म्हणाले, की हॅरिस यांनी ट्रम्प यांना निरुत्तर केले. माझे मामा म्हणाले, की सूत्रसंचालकच हॅरिस यांच्या बाजूचे होते आणि तिघांनी मिळून एकट्याला घेरले. दोघेही शिकलेले आहेत आणि दोघांनी एकाच टीव्हीसमोर बसून तेच पाहिले. पुढे पंक्तीत ते एकमेकांशी बोलले नाहीत, याचे मला अजून वाईट वाटते. दोघांपैकी खोटे कोण बोलत होते?
— एक वाचक, सातारा

उत्तर : खोटे कोणीच बोलत नव्हते. आपल्या दिरांनी आणि मामांनी आपापल्या डोळ्यांना जे दिसले तेच सांगितले, आणि अडचण नेमकी तिथेच आहे.

आपल्या भागातील माणसाला हे समजायला फार लांब जावे लागत नाही. गावच्या यात्रेत कुस्तीच्या मैदानात दोन नावाजलेल्या तालमींचे मल्ल भिडतात, एकाची पाठ मातीला लागली न लागली तोच मैदानाच्या एका बाजूचे लोक फेटे उडवू लागतात आणि दुसऱ्या बाजूचे लोक कुस्ती झालीच नाही म्हणत पंचांकडे धाव घेतात. त्यांतला कोणीही ठरवून खोटे बोलत नसतो. ज्याचा जीव ज्या मल्लावर, त्याची नजर त्याच्याच खांद्यावर खिळलेली असते आणि तो खांदा त्याला अधांतरीच दिसतो.

अमेरिकेत हीच गोष्ट मोजून पाहिली गेली आहे. नोव्हेंबर १९५१ मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांमध्ये अमेरिकन फुटबॉलचा सामना झाला. तो इतका आडदांडपणाने खेळला गेला, की एका खेळाडूचे नाक मोडले आणि दुसऱ्याचा पाय. हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी त्या सामन्याची एकच चित्रफीत दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवून नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या संघाने केलेले नियमभंग प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी सरासरी ९.८ मोजले आणि डार्टमथच्या विद्यार्थ्यांनी ४.३. चित्रफीत एकच असताना एका बाजूला दिसलेले अर्ध्याहून अधिक गुन्हे दुसऱ्या बाजूला दिसलेच नाहीत. हा अभ्यास १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पक्षनिष्ठेविषयीच्या चर्चेत त्याचा दाखला आजही दिला जातो.

मामांचा आक्षेप सूत्रसंचालकांवर आहे, म्हणून त्याचा विचार वेगळा करायला हवा. १९८२ मध्ये बैरूतमधील निर्वासितांच्या छावण्यांत झालेल्या हत्याकांडाच्या त्याच टीव्ही बातम्या स्टॅनफर्ड विद्यापीठात इस्रायलच्या आणि अरबांच्या समर्थकांना दाखवण्यात आल्या, तेव्हा बातम्या आपल्याच बाजूच्या विरोधात झुकलेल्या आहेत, असे दोन्ही गटांनी ठामपणे सांगितले. म्हणजे मधला माणूस आपल्या विरोधात आहे असे वाटणे ही निष्ठावंताची जुनीच भावना आहे. तरीही मामांची तक्रार एवढ्यावरून निकालात काढणे मला मान्य नाही. त्या रात्री डेव्हिड म्यूर आणि लिन्सी डेव्हिस या सूत्रसंचालकांनी ट्रम्प यांची काही विधाने तिथल्या तिथे दुरुस्त केली, पण हॅरिस यांच्या विधानांना तशी दुरुस्ती जोडली नाही, हे खरेच आहे, आणि ‘तिघे विरुद्ध एक’ ही तक्रार स्वतः ट्रम्प यांनीही केली होती. यात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. ओहायो राज्यातील स्प्रिंगफील्ड शहरात स्थलांतरित लोक पाळीव कुत्री-मांजरे खातात, या ट्रम्प यांच्या विधानावर, तशी कोणतीही विश्वसनीय तक्रार आलेली नाही असे शहर प्रशासनाने कळवल्याचे म्यूर यांनी सांगितले. ही दुरुस्ती बरोबर होती का, हा पहिला प्रश्न असून त्याचे उत्तर पुराव्याने देता येते आणि ते ‘होय’ असे आहे. दोन्ही उमेदवारांना समान कसोटी लावली गेली का, हा दुसरा प्रश्न असून त्यावर मामांशी जरूर वाद घालावा. पहिल्याचा राग दुसऱ्यावर आणि दुसऱ्याचा पहिल्यावर निघाला, की पंक्तीत अबोला होतो.

मग निष्ठावंतांच्या प्रतिक्रियांतून काही कळतच नाही का? कळते, आणि मला या साऱ्या विषयात सर्वांत मोलाचे वाटते ते हेच. आपला उमेदवार जिंकला असे समर्थक म्हणतात तेव्हा आपल्या माहितीत भर पडत नाही, पण समर्थक स्वतःच्या उमेदवाराची हार कबूल करतात तेव्हा काहीतरी खरोखर घडलेले असते. ३ ऑक्टोबर २०१२ रोजी डेन्व्हर येथे बराक ओबामा आणि मिट रॉम्नी यांची पहिली चर्चा झाली. गॅलप संस्थेच्या पाहणीत ती पाहणाऱ्यांपैकी ७२ टक्के लोकांनी रॉम्नी सरस ठरल्याचे सांगितले आणि ओबामांच्या बाजूने जेमतेम २० टक्के राहिले. खुद्द ओबामांच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या समर्थकांमध्येही रॉम्नींना वरचढ मानणारे अधिक होते. २७ जून २०२४ रोजी अटलांटात ट्रम्प यांच्याशी झालेल्या चर्चेनंतर तर जो बायडेन यांच्याच पक्षातून त्यांच्या माघारीची मागणी सुरू झाली आणि २१ जुलैला त्यांनी उमेदवारी सोडली. विरोधकांनी कितीही गलका केला असता तरी हे घडले नसते. ते स्वपक्षीयांच्या कबुलीमुळे घडले.

आता एक गोष्ट दोघांनाही सांगावी. सीएनएनच्या तत्काळ पाहणीत जूनची चर्चा पाहणाऱ्यांपैकी ६७ टक्के लोकांनी ट्रम्प यांना विजयी ठरवले होते, तर गौरीपूजनाच्या दिवशी आपण पाहिलेल्या चर्चेनंतर ६३ टक्के लोकांनी हॅरिस यांना. म्हणजे त्या दिवसापुरते दिरांचे मत बहुसंख्य प्रेक्षकांशी जुळणारे होते, पण नोव्हेंबरमध्ये निवडून आले ते ट्रम्प. ओबामाही डेन्व्हरमध्ये हरूनच पुढे निवडून आले होते. चर्चेतला जय हा मतपेटीतला जय नसतो, त्यामुळे त्यासाठी नात्यात अंतर पडू देऊ नये. मामांना हॅरिस यांचा एक तरी मुद्दा पटला का आणि दिरांना ट्रम्प यांचा एक तरी मुद्दा पटला का, एवढेच दोघांना विचारून पाहा. उत्तर द्यायला त्यांना वेळ लागेल, पण बोलणे पुन्हा सुरू होईल.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. १९६० च्या केनेडी-निक्सन चर्चेत रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकले असे वाटले आणि टीव्हीवर पाहणाऱ्यांना केनेडी, ही गोष्ट मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. ती खरी आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : सर, आपण सांगत आलात त्यात तथ्याचा अंश आहे, पण पुरावा त्या मानाने फार तोकडा आहे. २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागोच्या स्टुडिओत ही पहिली चर्चा झाली. गुडघ्याच्या जंतुसंसर्गामुळे निक्सन नुकतेच रुग्णालयात राहून आले होते, त्यांचे वजन उतरले होते, करड्या रंगाचा सूट मागच्या पडद्यात मिसळून जात होता आणि नीट रंगभूषा करून घ्यायला त्यांनी नकार दिला होता. १८४३ साली विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ ज्या गावाने पाहिले, त्या सांगलीच्या माणसाला रंगभूषा आणि प्रकाश काय करू शकतात हे मी सांगायला नको.

रेडिओची गोष्ट मात्र मुख्यतः एका खासगी कंपनीच्या पाहणीवर उभी आहे आणि त्या पाहणीत रेडिओवर ऐकणारे तीनशेदेखील नव्हते. पुढे १९८७ मध्ये दोन अभ्यासकांनी तिची चिकित्सा केली तेव्हा एक मूलभूत शंका पुढे आली. त्या काळी अमेरिकेतील दहापैकी जवळजवळ नऊ घरांत टीव्ही पोचला होता, म्हणून रेडिओवर विसंबणारे लोक मुख्यतः आडबाजूच्या ग्रामीण, प्रोटेस्टंट वस्तीतले असण्याची शक्यता होती, आणि केनेडी कॅथलिक असल्यामुळे तिथे त्यांच्याविषयी आधीच अविश्वास होता. हे ध्यानात घेतले तर निक्सन यांना कौल देणारा तो श्रोता कदाचित चर्चेच्या आधीपासूनच त्यांचा होता. ज्या गोष्टीला आपण माध्यमाची करामत समजलो, तिच्यात साताऱ्याच्या पत्रातील दीर-मामांचीच गोष्ट दडलेली असू शकते.

तरीही चित्राचा परिणाम नसतो असे कृपया समजू नये. २००३ मध्ये जेम्स ड्रकमन या अभ्यासकांनी, ज्यांना त्या चर्चेची फारशी माहिती नव्हती अशा लोकांपैकी काहींना ती दाखवली आणि काहींना फक्त ऐकवली. पाहणाऱ्यांचा कल केनेडींकडे अधिक गेला आणि त्यांनी उमेदवाराच्या व्यक्तिमत्त्वाला अधिक वजन दिले. आपल्याकडचे उदाहरण घ्या. १८ ऑक्टोबर २०१९ रोजी साताऱ्यात शरद पवारांनी भर पावसात केलेले भाषण आपल्यापैकी बहुतेकांना चित्रासह आठवते. लोकसभेसाठी उमेदवार निवडताना आपली चूक झाली अशी कबुली त्यांनी त्याच भाषणात दिली होती, हे त्यांच्या समर्थकांपैकी आणि विरोधकांपैकी किती जणांच्या लक्षात आहे, याची विचारणा आपण आपल्या माजी विद्यार्थ्यांकडे करावी असे मला मनापासून वाटते. पाऊस दोन्ही बाजूंना दिसला, पण त्याचा अर्थ प्रत्येक बाजूने आपापला लावला.

प्रश्न : आपल्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत अशी चर्चा का होत नाही?
— एक वाचक, मिरज

उत्तर : आपले राष्ट्रपती जनतेच्या थेट मताने निवडले जात नाहीत. संसदेचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य त्यांना निवडतात आणि कार्यकारी सत्ता प्रत्यक्षात पंतप्रधान व मंत्रिमंडळाकडे असते, म्हणून तुलना करायची तर ती पंतप्रधानपदाच्या दावेदारांशी करावी. संसदीय पद्धतीत अशी चर्चा होऊच शकत नाही असे नाही, कारण ब्रिटनमध्ये ती २०१० पासून सुरू झाली. मे २०२४ मध्ये न्या. मदन लोकूर, न्या. अजित शहा आणि पत्रकार एन. राम यांनी नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी यांना जाहीर चर्चेचे निमंत्रण दिले होते. गांधी यांनी ते स्वीकारले, पण चर्चा झाली नाही. ती व्हायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : आम्ही वसतिगृहातील काही मुले पुढच्या वेळी अमेरिकेतील चर्चा एकत्र पाहणार आहोत. चर्चा चालू असतानाच मोबाइलवर दोन्ही पक्षांच्या कापलेल्या चित्रफिती येऊ लागतात आणि आमच्यात दोन तट पडतात. काय करावे?
— एक विद्यार्थी, कराड

उत्तर : पहिली गोष्ट म्हणजे चर्चा संपेपर्यंत सर्वांनी मोबाइल बंद करून एका पिशवीत ठेवावेत. मी हे कठोरपणे सांगतो, कारण निकाल प्रत्यक्षात चर्चा संपल्यानंतरच्या तासांत घडवला जातो. चर्चागृहाशेजारी ज्या दालनात दोन्ही पक्षांचे नेते पत्रकारांना गाठून आपलाच उमेदवार जिंकल्याचे सांगतात, त्याला तिकडे ‘स्पिन रूम’ म्हणतात. ६ ऑक्टोबर १९७६ रोजी जिमी कार्टर यांच्याशी झालेल्या चर्चेत अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी, पूर्व युरोपावर सोव्हिएत संघाचे वर्चस्व नाही, असे विधान केले. चर्चा संपताच ज्या प्रेक्षकांना विचारले गेले, त्यांच्यापैकी बहुतेकांना त्यात विशेष काही खटकले नव्हते. वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी दिवसभर त्या वाक्याची चिरफाड केल्यावर मात्र फोर्ड स्पष्टपणे हरले असे लोक सांगू लागले. वाक्य चुकीचेच होते आणि पत्रकारांनी ते दाखवून दिले ही चांगलीच गोष्ट झाली, पण प्रेक्षकाचे स्वतःचे मत आणि ऐकून झालेले मत यांतील फरक या घटनेइतका स्वच्छ क्वचितच दिसतो.

दुसरी गोष्ट पडद्यावर खाली हलणाऱ्या रेषेची. काही वाहिन्या कुंपणावरच्या मतदारांचा कल दाखवणारी रेषा चर्चा चालू असतानाच दाखवतात. ब्रिटनमध्ये २०१० च्या एका चर्चेच्या वेळी संशोधकांनी १५० प्रेक्षकांचे दोन गट करून एका गटाला तेव्हाचे पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांच्याकडे झुकवलेली आणि दुसऱ्याला त्यांचे प्रतिस्पर्धी निक क्लेग यांच्याकडे झुकवलेली रेषा दाखवली. प्रेक्षकांना याची कल्पना नव्हती आणि दोन्ही गटांचे ‘कोण जिंकले’ याविषयीचे मत रेषेच्या मागे गेले. तेव्हा अशी रेषा नसलेले प्रक्षेपण निवडा, किंवा पडद्याचा तेवढा भाग सरळ पुठ्ठ्याने झाका.

चर्चा सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाने आपला कल कागदावर लिहून घडी घालून ठेवावा. संपल्यावर, एकमेकांशी बोलण्यापूर्वी, दुसऱ्या कागदावर दोनच गोष्टी लिहाव्यात : आपल्या आवडत्या उमेदवाराने कोणत्या प्रश्नाला बगल दिली आणि नावडत्या उमेदवाराचे कोणते उत्तर आपल्याला खोडता आले नाही. ज्याचा हा कागद कोरा राहील त्याला कोणी हसू नये, फक्त तेवढा भाग त्याला पुन्हा दाखवावा. त्यानंतर मोबाइलची पिशवी उघडा आणि आलेल्या चित्रफितीत प्रश्न किती कापला आहे, उत्तर किती कापले आहे, हे तुमच्या कागदांशी ताडून पाहा. तिकडच्या रात्री नऊच्या चर्चा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे सकाळी साडेसहाला लागतात आणि बहुधा दीड तास चालतात, त्यामुळे आठ वाजता चर्चा संपल्यावर कागद लिहायला आणि वाचायला कॉलेजच्या आधी तुम्हाला पुरेसा वेळ मिळेल.