खानापूरच्या पोरा, आधी एवढेच दिवे शिक

बाळा, आपल्याकडं समुद्र नाही म्हणून बिचकू नकोस. समुद्रात जहाजांची टक्कर टाळायच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतले जहाजावरचे सगळे दिवे एकदम पाठ करू नकोस, बहुतेक पोरं तिथंच अडकतात. आधी साधं जहाज पक्कं कर: डावीकडं लाल, उजवीकडं हिरवा, प्रत्येक दिवा ११२.५ अंशांच्या टापूत दिसतो. मग वरून खाली हे तीनच:

- लाल-लाल: ताबा सुटलेलं जहाज
- लाल-पांढरा-लाल: कामामुळं बाजूला होऊ न शकणारं
- लाल-लाल-लाल: बूड खोल असल्यानं वाट सोडू न शकणारं

लाल-लाल म्हणजे मदतीची हाक, ही नेहमीची चूक. ते एवढंच सांगतं की मला बाजूला होता येत नाही. त्यासोबत बाजूचे दिवेही दिसले, तर ते पाणी कापत चाललंय. गाळ उपसणारी, सुरुंग काढणारी जहाजं नंतर. रात्री गच्चीवर रंगीत बल्ब टांगून लांबून ओळखायचा सराव कर.