गल्लीतल्या रहिवाशांना पार्किंगचं परमिट द्यावं का?

तुम्ही ठाण्यातल्या पाचपाखाडीतले. बाहेरचे लोक दिवसभर तुमच्या गल्लीत गाड्या लावून जातात, म्हणून सगळे मिळून रहिवासी परमिट मागणार आहात. हे कायद्यात बसतं का आणि त्याने त्रास मिटेल का, असा तुमचा प्रश्न आहे.

कायद्याचं आधी सांगते. परमिट द्यायचा अधिकार ना सोसायटीला, ना गल्लीच्या कमिटीला, ना नगरसेवकाला. गाड्या कुठे उभ्या राहतील हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ प्रमाणे राज्य सरकार किंवा सरकारने नेमलेला अधिकारी ठरवतो, स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून. तेव्हा महापालिका आणि वाहतूक पोलीस यांनी रीतसर काढलं तर ते परमिट, नाहीतर काचेवर चिकटवलेला कागद. त्या कागदाने काय होतं ते मी पाहिलंय, म्हणून लिहायला बसले.

आम्ही नौपाड्यात राहतो, राम मारुती रोडच्या आतल्या बाजूला. आमच्या इमारती बांधल्या तेव्हा घरात एक स्कूटर असली तरी पुष्कळ, त्यामुळे स्टिल्ट, म्हणजे इमारतीखाली खांबांमधली गाड्यांची जागा, वगैरे काही नाही. सम-विषम तारखांचं पार्किंग आहे, पण सणासुदीला खरेदीची गर्दी झाली की तारीख कोण बघतंय. लॉकडाऊन उठल्यावर गल्लीतल्या काही मंडळींनी कमिटी केली. रस्त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने एक ते बावीस आकडे काढले, दोनशे रुपये घेऊन स्टिकर वाटले आणि तोंडाशी पाटी लावली : 'स्टिकर नसलेल्या गाडीची हवा काढली जाईल.' जागा बावीस. स्टिकर एकेचाळीस. ज्याच्याकडे जितक्या गाड्या तितके त्याला, फ्लॅट मात्र स्वतःच्या मालकीचा हवा. भाडेकरूंना एकही नाही. पहिल्या मजल्यावरचे काका कमिटीचे प्रमुख, त्यांच्याकडे तीन. आमच्याकडे गाडीच नाही, त्यामुळे मीही तेव्हा काही बोलले नाही. ते चुकलंच माझं.

त्याच काळात बाबांना पॅरालिसिसचा झटका आला होता. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. दिवसभरासाठी रुग्णसेवेला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोमधून एक मावशी यायच्या, कळव्याहून, त्यांच्या स्कूटीवर. त्या आठला आल्या की मी त्यांच्या हाती बाबांना सोपवून स्टेशन गाठायची. कळव्याहून रिक्षा केली तर दिवसाच्या पगारातला मोठा वाटा त्यातच जायचा, म्हणून स्कूटी. गेटच्या आत कमिटीने लावू दिली नाही, 'मेंबरची गाडी नाही' म्हणून. मग त्या चौदा नंबरच्या कडेला, भिंतीला टेकवून लावायच्या. शेजारी चारचाकी आरामात उभी राहील इतकी जागा सोडून.

एका मंगळवारी अकराच्या सुमाराला त्या औषध आणायला खाली उतरल्या, तर दोन्ही चाकं जमिनीला टेकलेली. व्हॉल्व्हच्या दोन्ही टोप्या काढून सीटवर शेजारीशेजारी ठेवलेल्या. मेडिकलवाल्याकडे त्या चालत गेल्या असत्या, पण संध्याकाळी घरी कशा जाणार या विचाराने घाबरल्या आणि गाडी ढकलत पंक्चरवाल्याकडे निघाल्या. भर उन्हात, सपाट चाकांवर. रिम चेपून एक ट्यूब कापली गेली होती, ती बदलावी लागली. परत यायला सव्वा तास गेला. तेवढा वेळ बाबा एकटे होते. डायपर भरून चादरीपर्यंत ओलं झालं होतं. त्यांना हाक मारता येत नव्हती. मावशी आत आल्या तेव्हा बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते, आणि पुसून कपडे बदलेपर्यंत त्यांनी मान वळवली नाही. जन्मभर इस्त्रीचा शर्ट घातल्याशिवाय दारात दूध घ्यायला न गेलेला माणूस तो.

रात्री मी काकांकडे गेले. ते म्हणाले, "तिच्या गाडीवर स्टिकर नव्हता. नियम सगळ्यांना सारखा." मी म्हटलं, "काका, ती बाई रोज बारा तास या इमारतीत असते. तुमचा थोरला पुण्याला असतो, त्याच्या गाडीला स्टिकर कसा?" त्यावर, "आमच्या गेटसमोरचा रस्ता आहे. टॅक्स आम्ही भरतो. तुमच्याकडे गाडी नाही, तुम्हाला नाही कळायचं."

टॅक्स आम्हीही भरतो. त्यांच्या थोरल्याची गाडी चौदा नंबरवरच असते, राखाडी कव्हर घालून. कव्हरवर बदामाच्या झाडाची पानं पडून कुजलेली, खालच्या चाकांना जाळी. दुसऱ्या दिवशी मी बाबांच्या जुन्या टेपने ती चौकट मोजली : अडीच मीटर बाय पाच, म्हणजे जवळजवळ एकशे पस्तीस चौरस फूट. बाबा ज्या खोलीत पडून होते ती दहा बाय दहा. नौपाड्यात शंभर फुटांना काय भाव आहे ते तुम्हाला माहीत आहे. न हलणाऱ्या गाडीला त्याहून मोठी जागा दोनशे रुपयांत.

'आमच्या गेटसमोरचा म्हणजे आमचा' हे तर सोसायटीच्या आतसुद्धा चालत नाही. स्टिल्टमधलं पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली नहालचंद लालूचंद खटल्यात दिला. तोही इथल्याच, दहिसरच्या सोसायटीचा. आतली जागाच अशी वेगळी विकता येत नसेल, तर बाहेरचा रस्ता एखाद्या फ्लॅटच्या नावावर कसा होईल? २०२१ मध्ये नवी मुंबईतल्या एका रहिवाशाच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं होतं, एकच फ्लॅट असलेल्या कुटुंबाला पार्किंग नसताना चार-पाच गाड्या घेऊ देऊ नका. मे २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी, जे आपल्या ठाण्याचेच आमदार, पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नवी गाडी नोंदवू देणार नाही असं जाहीर केलं. जपानमध्ये हे १९६२ पासून आहे. घरापासून दोन किलोमीटरच्या आत गाडीची जागा आहे असा पोलिसांचा दाखला लागतो. मला हाच मार्ग खरा वाटतो. गाडी घेण्याआधी जागा. परमिट हे गाडी घेऊन झाल्यावरचं औषध.

तरी तुम्ही परमिट मागणारच असाल तर आधी जागा मोजा आणि त्याहून एकही परमिट जास्त नको. घरटी एक, मालक असो की भाडेकरू. मागणारे जास्त असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाका, सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे नमुना नियमांत, पार्किंगसाठी हीच पद्धत आहे. आणि पैसे खरे घ्या. बंगळुरूच्या पार्किंग धोरणात रहिवाशांच्या परमिटला छोट्या गाडीसाठी वर्षाला १००० रुपये आणि एसयूव्हीला ५००० असे दर ठरवले होते. हजार रुपये म्हणजे दिवसाला तीन रुपयेसुद्धा नाहीत, त्यात चहाही येत नाही. पुण्यात २०१८ साली रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे लावायचं धोरण आलं तेव्हा केवढा विरोध झाला. तुमच्याकडेही होईल, आणि ज्यांच्या घरी तीन गाड्या आहेत तेच सगळ्यात मोठ्याने बोलतील. त्यांचं ऐकू नका.

सगळ्यात महत्त्वाचं, आजारी माणसाकडे येणारी मावशी, ड्रेसिंगला येणारी नर्स, फिजिओथेरपिस्ट, रक्त घ्यायला येणारा मुलगा यांना दिवसाचा पास हवा. तो घराच्या नावावर द्या, गाडीच्या नंबरावर नको, कारण ब्युरोची माणसं बदलतात. काका म्हणतील याचा गैरवापर होईल. होऊ दे. दहांतल्या दोघांनी केला तरी उरलेल्या आठ घरांतलं आजारी माणूस एकटं पडणार नाही.

बाहेरच्या गाड्यांचा त्रास खोटा आहे असं मी म्हणत नाही. आमच्या गल्लीत एकदा घंटागाडीसुद्धा आत आली नव्हती. खरेदीला येणाऱ्यांसाठी गावदेवी मैदानाखाली पार्किंग बांधलंय, गाडी तिथे ठेवून दहा मिनिटं चालायला कुणाची हरकत नसावी. तुमच्याकडचा रस्ता आमच्यापेक्षा रुंद असेल, तिथे परमिटचा उपयोग जास्त होईल. परमिट मिळालं म्हणजे घरासमोरची जागा राखून मिळाली असं मात्र समजू नका, सहसा तसं नसतं.

गेल्या वर्षी बाबा गेले. आमच्या गल्लीचं काँक्रीट झालं आणि ते आकडेही गेले. आता काका पुन्हा अर्ज घेऊन फिरतायत, या वेळी थेट महापालिकेकडे, आणि प्रत्येक घराची सही हवी आहे. माझ्याकडे कागद दिलाय त्याला आज नऊ दिवस झाले. मी खाली पेनाने एक ओळ लिहिली आहे : 'रुग्णसेवेसाठी येणाऱ्या व्यक्तींच्या वाहनांना दिवसाचा पास द्यावा.' ती ओळ टाइप करून आणा, लगेच सही करते, असं त्यांना सांगितलंय. ते अजून आलेले नाहीत.