घड्याळ एक तास मागे-पुढे करण्याच्या पद्धतीमुळे तुमच्या घरात कधी घोटाळा झालाय का?

झालाय, आणि एकदा नाही. सणासुदीला हमखास होतो. मी इंग्लंडमध्ये रेडिंगला असते, दादा न्यू जर्सीला आणि आई-बाबा साताऱ्यात. म्हणजे तीन घड्याळं. त्यातली दोन वर्षातून दोनदा सरकतात, आणि तीही एकाच दिवशी सरकत नाहीत. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येते. आमच्याकडे मार्च आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. मधल्या काळात दादाच्या-माझ्यातलं पाच तासांचं अंतर गुपचूप चार तासांचं होतं.

२०२४ ची भाऊबीज ३ नोव्हेंबरला होती, रविवारी. आदल्या दिवशी मोठ्या हुशारीने मी घरच्या ग्रुपवर टाकलं: "भारत रात्री ८, इंग्लंड दुपारी २.३०, न्यू जर्सी सकाळी १०.३०." शनिवारी हा हिशोब बरोबर होता. रविवारी पहाटे न्यू जर्सीचं घड्याळ मागे गेलं आणि तो चुकला.

अडीचला मी ताट घेऊन बसले. निरांजन, सुपारी, अक्षता, समोर मिसळणाच्या डब्याला टेकवलेला फोन. आई-बाबा पडद्यावर वेळेवर हजर. दादाचा पत्ता नाही. फोन केला तर तो सायलेंटवर, कारण त्या रविवारी तिकडे लोक एक तास जास्त झोपतात. निरांजनात दोनदा तूप घातलं. बाबांना साखर आहे, ते साडेआठला जेवतातच, तेव्हा ते उठून गेले. साताऱ्यात नऊ वाजता दादा उगवला. आंघोळ झालेली, डोक्यावर टोपी. वर मलाच म्हणतो, "मी अगदी साडेदहाला आलोय, तुझाच मेसेज वाच." वाचला. खरंच साडेदहाच लिहिलं होतं. ओवाळणी मात्र त्या वर्षी दुप्पट वसूल केली.

पुढचा घोटाळा पाडव्याचा, आणि त्यात बाबांचं मनगटी घड्याळ होतं. बाबांना माझी वेळ काढायची एक युक्ती कुणीतरी शिकवली आहे: काट्यांचं घड्याळ उलटं धरायचं, बारा खाली आणि सहा वर. साताऱ्यात रात्रीचे आठ वाजले असतील तर उलट्या घड्याळात अडीच दिसतात. तासकाटा अर्धं घर मागे राहतो, पण कळतं. साडेपाच तासांचा फरक असा न मोजता निघतो. बाबा ही करामत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवतात. अडचण एवढीच की ती फक्त हिवाळ्यात चालते. मार्चच्या शेवटी फरक साडेचार तासांवर येतो आणि उलटं घड्याळ एक तास खोटं बोलायला लागतं.

२०२५ चा गुढीपाडवा ३० मार्चला होता, म्हणजे नेमका आमचं घड्याळ पुढे जाण्याच्याच रविवारी. मी आधी सांगून ठेवलं होतं, "सकाळी सातला गुढी उभारणार, व्हिडिओवर या." बाबांनी घड्याळ उलटं धरलं आणि आईला साडेबारा सांगितले. मी सातला, म्हणजे तिकडच्या साडेअकराला, फोन लावला. आई स्वयंपाकघरात, तिचा फोन हॉलमध्ये चार्जिंगला, बाबा श्रीखंड आणायला बाहेर. मी मागच्या अंगणात पडद्याच्या रॉडला खण आणि मागच्या वर्षी डब्यात जपून ठेवलेली साखरेची गाठी बांधून उभी. वाऱ्याने वरचा तांब्या खडखडतोय. आतून लेक ओरडली, "आई, अजून सहाच वाजलेत!" ओव्हनचं घड्याळ कुणी बदललं नव्हतं. म्हणजे ओव्हन आणि सातारा एका बाजूला, आणि माझा फोन दुसऱ्या बाजूला.

शेवटी गुढी उभारून, नैवेद्य दाखवून आत आले. आठला आईचा फोन. "अगं, उभारलीस पण? मी साडी बदलून बसलेय." मी समजावायला गेले तर म्हणाली, "पंचांग एका मिनिटाने चुकत नाही, तुमचं घड्याळ तासातासाने चुकतं. कसलं राज्य करत होते हे लोक आपल्यावर!" (बाबांनी लगेच सुनावलं की युद्धाच्या काळात, १९४२ ते १९४५, आपल्याकडेही घड्याळं एक तास पुढे केली होती. आणि मुंबईचा स्वतःचा 'बॉम्बे टाइम' ३९ मिनिटं मागे चालायचा, तो कुठे कुठे १९५५ पर्यंत टिकला. आईने ऐकून घेतलं नाही.)

तेव्हापासून आमच्यात वेळ एकाच घड्याळावर ठरते, जे सरकत नाही त्यावर. "आईचे आठ" म्हटलं की आपापला हिशोब ज्याने त्याने करायचा. फोनच्या कॅलेंडरवर दर रविवारचा कॉल टाकतानाही टाइम झोन भारताचा निवडते, मग माझी आणि दादाची वेळ आपोआप सरकते, आईची जागेवर राहते. तुमच्याकडेही माणसं दोन-तीन देशांत असतील तर हे करून बघा. तिन्ही वेळा लिहून पाठवण्याच्या फंदात पडू नका. मी पडले होते.

बाबांनी उलटं घड्याळ सोडलेलं नाही. पण नवं कालनिर्णय आलं की लाल पेन्सिलीने आधी खुणा करतात. मार्चच्या पानावर दुसऱ्या रविवारी "बाळू पुढे" आणि शेवटच्या रविवारी "चिंगी पुढे". शेजारच्या काकूंनी ते वाचून आईला हळूच विचारलं, "पोरांचं अजून नंबराचंच चाललंय का हो?"