वाचकांचे प्रश्न: लेझरच्या वायरच्या टोकाला बुडबुडा येतो कुठून?

प्रश्न: सर नमस्कार, गेल्या महिन्यात बाबांचं मुतखड्याचं ऑपरेशन लेझरने झालं. डॉक्टरांनी नंतर व्हिडिओ दाखवला, त्यात काचेच्या बारीक वायरच्या टोकाला सारखे बुडबुडे येत होते. प्रकाशात हवा तर नसते, मग हे कुठून येतात? आणि पाणी उकळतं तर ती वायर वितळत कशी नाही? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर: बाबांना आता बरं वाटत असेल अशी आशा. खडा फुटताना तुमचं लक्ष बुडबुड्याकडे गेलं हे मला फार आवडलं, कारण खरी गंमत तिथेच आहे.

तो बुडबुडा हवेचा नाही, वाफेचा. या कामाला बरीच वर्षं होल्मियम लेझर वापरतात, त्याची तरंगलांबी साधारण २१०० नॅनोमीटर, म्हणजे डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश (व्हिडिओत रंगीत ठिपका दिसला असेल तर तो नेम धरायला सोडलेला वेगळा प्रकाश). हा प्रकाश पाण्यात जेमतेम अर्धा मिलिमीटर जाईपर्यंत बराचसा शोषला जातो, आणि एकेक झोत फक्त काहीशे मायक्रोसेकंदांचा, त्यामुळे टोकाजवळच्या थेंबभर पाण्यातली उष्णता बाजूला पसरायला वेळच मिळत नाही आणि त्या पाण्याची एकदम वाफ होते. चहाच्या आधणासारखं हळूहळू नाही, धडाक्यात. तो बुडबुडा फुगतो आणि मिलिसेकंदाच्या आत मिटतो सुद्धा.

आता काच. सिलिका काचेतून २१०० नॅनोमीटरचा प्रकाश आरपार जातो, काच तो शोषतच नाही म्हटलं तरी चालेल, मग तापणार कशाने? सगळी गोम इथे आहे: असा प्रकाश हवा जो काच जाऊ देईल पण पाणी अडवेल. एर्बियम लेझरचा २९४० नॅनोमीटरचा प्रकाश पाणी याहून कितीतरी जास्त शोषतं, पण साध्या सिलिका फायबरमधून, म्हणजे त्या काचेच्या वायरमधून, तो जातच नाही, कार्बन डायऑक्साइड लेझरचंही तेच. अलीकडे आलेला थुलियम फायबर लेझर १९४० नॅनोमीटरचा, तो पाण्यात होल्मियमपेक्षा जास्त शोषला जातो आणि काचेतूनही नीट जातो, म्हणून सध्या त्याची एवढी चर्चा. टोक मात्र झिजतं हे खरं, मग डॉक्टर तेवढा तुकडा कापून पुढे काम करतात.

आणि बुडबुड्याचा उपयोग काय, तर तो वाट करून देतो. यमुना दुभंगून वसुदेवाला वाट मिळाली ना, तसं पाणी बाजूला होतं आणि उरलेला प्रकाश वाफेतून थेट खड्यावर पडतो. इंग्रजीत याला बायबलमधल्या समुद्र दुभंगवणाऱ्या मोझेसचं नाव दिलंय. खडा फोडण्याचं मुख्य काम उष्णतेचं, बुडबुडा मिटतानाचा धक्का थोडा हातभार लावतो.

प्रश्न: मी बारावीत आहे. लेझर पॉइंटरने ग्लासातल्या पाण्यात बुडबुडे काढता येतील का? (एक विद्यार्थिनी, चिपळूण)

उत्तर: नाही गं. पॉइंटरचा प्रकाश दिसणारा, पाणी तो जवळपास शोषत नाही, शिवाय ताकदही अगदी कमी. पण तुझा विचार योग्य दिशेने चाललाय, कारण पाणी शोषत नसेल तर दुसऱ्या कुणाला तरी शोषायला लावायचं! मेक्सिकोतल्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये फायबरच्या टोकावर कार्बनच्या अतिसूक्ष्म कणांचा थर बसवला, तोही लेझरच्याच मदतीने, कण मिसळलेल्या द्रवात टोक बुडवून. मग हा काळा थर प्रकाश खातो, तापतो, आणि सतत चालणाऱ्या छोट्याशा लेझरनेही टोकाला मायक्रोबबल, म्हणजे अगदी सूक्ष्म बुडबुडा, धरतो. नेहमीचा टेलिकॉम फायबर १२५ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाएवढा, त्यावर बसलेला तो बुडबुडा! गरम बाजूला पृष्ठताण कमी, थंड बाजूला जास्त, त्यामुळे बुडबुड्याच्या अंगावरून द्रव गरमाकडून थंडाकडे सरकत राहतो आणि बुडबुडा उष्णतेच्या बाजूला ओढला जातो. याला मारांगोनी परिणाम म्हणतात, तुमच्या पुस्तकातल्या पृष्ठताणाच्या धड्याचाच पुढचा भाग समज. घरी मात्र जास्त ताकदीचे लेझर आणून प्रयोग करू नकोस, पाण्यावरून परत आलेला झोतही डोळा कायमचा घालवू शकतो.