पोपट एकटा राहत नाही: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

कोल्हापुरात थंडी सुरू झाली की पोपटांविषयी तेच ते प्रश्न माझ्याकडे येऊ लागतात. फेब्रुवारी-मार्च आला की विचारणाऱ्यांपैकीच कोणीतरी बुटाच्या खोक्यात पिल्लू घेऊन माझ्या पशुवैद्यकीय दवाखान्यात उभा असतो. म्हणून या वेळी उत्तरे एकत्र देतो.

प्रश्न: संध्याकाळी टाऊन हॉलच्या बाजूने पोपटांचे थवे ओरडत जातात. एवढा गोंगाट कशासाठी? (भाऊसिंगजी रोड)

रातथाऱ्याला, म्हणजे रात्रीच्या मुक्कामाच्या झाडांकडे जातात. दिवसभर पाच-दहाच्या टोळक्यांनी शेतांत, बागांत विखुरलेले पोपट अंधारापूर्वी ठरलेल्या झाडांवर जमतात. कावळे, साळुंक्याही पुष्कळदा तिथेच असतात. बसल्यावर जागेवरून ढकलाढकली, चोचाचोची, आणि मग एकदम शांतता. एकत्र झोपले की शिकारी पक्षी लवकर दिसतो, हा त्यातला उघड फायदा. दुसरा एक अंदाज आहे: आदल्या दिवशी कणसात भरलेली ज्वारी सापडलेल्यांच्या मागे बाकीचे सकाळी जात असावेत. एकाच जागी, एकाच वेळी पंधरा दिवस उभे राहून मोजा. थव्यात दोन-दोन पक्षी पंखाला पंख लावून उडताना दिसतील. गोंगाटाचा त्रास होतो म्हणून फटाके मात्र वाजवू नका.

प्रश्न: राघूची बायको मैना ना?

नाही. मैना म्हणजे साळुंकी, तो वेगळाच पक्षी आहे. राघूची मादी हिरवीच असते.

प्रश्न: आमच्या नारळावर एक पोपट दुसऱ्याला चोचीतून भरवत होता. ती आई आणि पिल्लू का? (ताराबाई पार्क)

डिसेंबर-जानेवारीत पाहिले असेल तर बहुधा नर आणि मादी. या जातीत वर्षाचा बराच काळ मादीचा शब्द चालतो. बसायची फांदी, खाण्याची पहिली पाळी, ढोलीचे तोंड सगळे तिचे. नर एक पाय उचलून, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या करत तिच्याकडे सरकतो, ती चोच मारते, तो मागे हटतो, पुन्हा येतो. पोटातले खाणे वर काढून भरवू लागला की ती हळूहळू जवळ येऊ देते. गळ्यात काळी-गुलाबी पट्टी आहे तो नर. पट्टी नसली तर लगेच मादी म्हणू नका, नराला ती यायला साधारण तिसरे वर्ष लागते. ढोली सापडली तर लांबून दुर्बिणीने बघा आणि जागा कोणाला सांगू नका.

प्रश्न: एक जण पहाडी पोपटाचे पिल्लू देतो म्हणतोय. मिरची खाऊ घातली की लवकर बोलतो, हे खरे का? घेऊ का? (शिवाजी पेठ)

घेऊ नका. पहिल्यांदा मिरचीचे बघू. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, त्यामुळे जीभ "सुटण्याचा" प्रश्नच येत नाही. पोपटाचा आवाज छातीत, श्वासनळी दुभंगते तिथे तयार होतो. जिभेवरची कातडी काढली की बोलतो, असे सांगणारेही भेटतात. तो निव्वळ छळ आहे.

"पहाडी" म्हणजे करण पोपट: मोठा, खांद्यावर लाल डाग असलेला. साध्या पिल्लाच्या खांद्याला लाल रंग फासून तो दुप्पट दराने खपवतात. आंघोळ घातली की रंग जातो आणि विकणाऱ्याचा फोन बंद असतो.

आता तो बोलतो का, ते ऐका. जंगलातला पोपट माणसासारखा बोलत नाही, त्याला गरज नसते. थव्यात कोण कुठे आहे, जोडीदार कोणता, हे हाकांवरून कळते आणि त्या हाका पोपट एकमेकांकडून शिकतात. व्हेनेझुएलातल्या चिमुकल्या पोपटांत तर आईबाप पिल्लांना वेगळी हाक देतात, जणू नावच. हीच शिकण्याची ताकद पिंजऱ्यातल्या पिल्लाकडे असते, पण समोर थवा नसतो. असतात ती तुमची माणसे. तो "विठ्ठल विठ्ठल" म्हणतो तेव्हा तो थव्यात सामील होण्याची धडपड करत असतो. लोक कौतुकाने व्हिडिओ दाखवतात, मला ते बघवत नाही. पुढे असेच पक्षी स्वतःची पिसे उपटत माझ्या टेबलावर येतात.

शिवाय हा गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २०२२ च्या दुरुस्तीने हा पोपट अनुसूची २ मध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत, आला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. विक्रेत्याची माहिती वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर द्या.

प्रश्न: झाड तोडताना ढोलीतली दोन पिल्ले मिळाली. चार दिवस दूधभात दिला, आता मान टाकतात. काय द्यावे? (कसबा बावडा)

चार दिवस का थांबलात? दूध पक्ष्यांना पचत नाही. पिल्लांना आधी ऊब लागते, खाणे नंतर. कापड अंथरलेल्या खोक्यात ठेवा, चोचीत पाणी ओतू नका, आणि हे वाचत असाल तर आधी १९२६ ला फोन करा, पशुवैद्याकडे निघा. घरून खुराक सांगणार नाही, बघितल्याशिवाय सांगताच येत नाही. आणि जुने झाड पाडायचेच असेल तर आधी ढोल्या तपासून घ्या. पोपट स्वतः लाकूड कोरून घर क्वचितच करतो, तांबट, सुतार या पक्ष्यांनी सोडलेल्या ढोल्याच रुंद करून वापरतो.

प्रश्न: आठ वर्षे पाळलेला पोपट रंकाळ्यावर सोडून देऊ का?

नको. त्याला खाणे शोधता येत नाही, शिक्रा हा शिकारी पक्षी ओळखता येत नाही, थवा त्याला घेईलच असे नाही. वनविभागाशी बोला.

प्रश्न: पोपटाचा पिंजरा साफ केल्यापासून ताप-खोकला आहे.

आजच डॉक्टरांना दाखवा आणि घरात पोपट आहे, हे आधी सांगा.