चार माणसं धरायला लागायची

वडील खुर्चीत बसलेच नाहीत. घडी घातलेला कागद टेबलावर ठेवून म्हणाले, “मॅडम, शॉक सांगितलेत. माझ्या काकांना दिले होते, चार माणसं धरायला लागायची. पोराचं तसं करू?”

पोरगा चोवीसचा, स्किझोफ्रेनियाचा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) आठ दिवस बोलणं बंद, खाणं नावाला. लोराझेपाम या शांत करणाऱ्या औषधाने फरक पडला नव्हता. आई सांगत होती, “शर्ट घालताना हात वर केला की तसाच राहतो. मीच खाली करते.”

‘आता तसं काही नसतं’ म्हणून ही भीती उडवून लावणं मला जमत नाही. काकांवर बेतलं ते खरंच होतं.

मी त्यांना बुडापेस्टचं सांगितलं. १९३४ साली डॉ. लाडिस्लास मेदुना यांनी असाच गोठून बसलेल्या रुग्णाला कापराचं इंजेक्शन देऊन मुद्दाम फिट आणली. फिट आणि स्किझोफ्रेनिया एकत्र नांदत नाहीत, हा त्यांचा तर्क. तर्क चुकीचा निघाला, पण काही रुग्ण खरोखर उठून बोलू लागले. पहिल्या २६ जणांत १० बरे झाल्याची त्यांची नोंद आहे. तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून त्या आकड्यावर मी फार विसंबत नाही.

कापराचा नेम नसायचा, म्हणून शिरेतून द्यायचं कार्डियाझोल हे औषध आलं. सुई टोचल्यापासून फिट येईपर्यंत माणूस शुद्धीवर, आणि आपण मरतोय अशी धास्ती. डोस कमी पडला तर फिट नाहीच, नुसती धास्ती! आचके इतके जोराचे की पाठीचे मणके मोडत. १९३८ मध्ये रोमला फिट आणायला वीज वापरली, तेच हे शॉक. शुद्ध तत्काळ हरपू लागली, हाडं मात्र मोडतच राहिली. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध आल्यावर ते आटोक्यात आलं.

“काकांना भूल दिली होती?”

“छे. तोंडात टॉवेल कोंबायचे.”

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध या दोन्हींशिवाय शॉक द्यायला बंदी आहे, हे सांगितल्यावर ते बसले.

“आम्हाला विसरेल का?”

उपचाराच्या आसपासचे दिवस पुसट होतात, बहुतेकांचं हळूहळू सुधारतं, काहींच्या आठवणींत खड्डे राहतात. तेही सांगितलं. कागदावर ‘सकाळी उपाशीपोटी’ लिहिलं होतं. त्यावर बोट ठेवून आई पुटपुटली, “तसाही कुठे खातोय तो.”